कॉलेज कोणी निवडायचे? सोलापूरच्या घरांसाठी कामाची वाटणी

बारावीचा निकाल लागला की आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्टाफरूमबाहेर पालकांची रांग लागते. गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करून चालू ठेवणे हे त्यांचे काम. मी मुलीला विचारले, "तुला काय शिकायचंय?" उत्तर वडिलांनी दिले, "कॉम्प्युटर." मी पुन्हा मुलीकडेच पाहून विचारले, "कुठल्या कॉलेजात?" पुन्हा वडीलच म्हणाले, "पुण्यात कुठंही चालेल, सर. तिला त्यातलं काय कळतंय?" थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले, तेव्हा मुलीने वहीचे शेवटचे पान उघडून माझ्यापुढे सरकवले. त्यावर सात कॉलेजांची नावे, प्रत्येकापुढे मागच्या दोन वर्षांचा कट-ऑफ आणि फी असा मजकूर होता, आणि पहिल्या तीन नावांपुढे वस्त्रोद्योग अभियांत्रिकी असे लिहिले होते. "आप्पांना माग नको वाटतो," ती म्हणाली, "मला कापड आवडतं."

मुलांनी कॉलेजचा शोध आणि निवड स्वतः करावी का, या प्रश्नाला माझे उत्तर 'करावी' असेच आहे, पण ते अर्धे उत्तर आहे. शोध पूर्णपणे मुलाने घ्यावा; पैशाची मर्यादा आणि कागदपत्रे ही पालकांनी सांभाळावीत; पसंतीक्रमाचा फॉर्म दोघांनी शेजारी बसून भरावा आणि त्यातला क्रम मुलाचा असावा. ही वाटणी उलटी झाली, म्हणजे पालकांनी शोध घेतला आणि मुलाला दाखले काढायला सेतू केंद्रात पाठवले, तर दोन्ही कामे बिघडतात. ही वाटणी प्रत्यक्षात कशी करायची, ते पुढे क्रमाने सांगतो.

वयाप्रमाणे मोकळीक

दहावी झालेले मूल पंधरा-सोळा वर्षांचे असते आणि बारावी झालेले सतरा-अठराचे. या दोघांना एकाच मापाने मोजू नये. अकरावीला जाताना पालकांनी अधिक जवळ राहावे, कारण त्या वेळी घेतलेल्या एका विषयाचा परिणाम दोन वर्षांनी दिसतो: गणित सोडले तर अभियांत्रिकीची मुख्य वाट बंद होते, जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीयची. मुलाला दोन्हींपैकी काहीच ठरवता येत नसेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र असे चारही विषय घेण्याचा पर्याय आहे, पण तो ओझ्याचा आहे आणि केवळ निर्णय पुढे ढकलण्यासाठी घेतला तर दोन्ही प्रवेशपरीक्षांची तयारी अर्धवट राहते.

शैक्षणिक वर्ष 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश सोलापुरासह संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत. त्यात किमान एक आणि जास्तीत जास्त दहा पसंतीक्रम भरता येतात, आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. पूर्वी आपल्याकडे थेट कॉलेजात जाऊन फॉर्म आणण्याची पद्धत होती, त्यामुळे अनेक पालक आजही 'आधी काहीतरी टाकून ठेवू, मग बघू' या समजुतीवर चालतात. ती आता महागात पडते.

अकरावीच्या टप्प्यावर आणखी एक गोष्ट पालकांनीच विचारायची आहे. काही ठिकाणी नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर आणि शिकवणी मात्र खासगी क्लासमध्ये, अशी 'इंटिग्रेटेड' व्यवस्था असते. तेथे प्रयोगशाळेचे तास कुठे होणार, हजेरी कुठे लागणार आणि क्लासची फी वेगळी किती, हे तीन प्रश्न पावती फाडण्यापूर्वी विचारावेत. पंधरा वर्षांच्या मुलाकडून ही चौकशी होणार नाही, आणि ती त्याच्याकडून अपेक्षितही नाही.

पहिली बैठक पैशांची

बारावीच्या मुलाला स्वातंत्र्य देण्यापूर्वी घरात एकदा आकडा उघडपणे सांगावा. आपल्याकडे हे फार क्वचित होते. बाप म्हणतो, 'तू शिक, पैशाचं मी बघतो', आणि मग जुलैत प्रवेशाच्या दिवशी मुलाला कळते की हॉस्टेलचे पैसे नाहीत. त्यापेक्षा डिसेंबरमध्येच, म्हणजे गड्ड्याची यात्रा सुरू होण्याआधी, एका कागदावर लिहून द्यावे: आपण वर्षाला एकूण इतके रुपये खर्च करू शकतो, त्यापैकी इतके स्वतःचे, इतके कर्जाचे, आणि धाकट्याच्या शिक्षणासाठी इतके राखून ठेवायचे आहेत. हा आकडा फीचा नसून एकूण खर्चाचा असावा. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, राहणे, मेस, पुस्तके, लॅपटॉप आणि वर्षातून निदान सहा वेळा घरी येण्याजाण्याचे भाडे हे सगळे त्यात धरावे, आणि चार वर्षांनी गुणावे. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. दलालाच्या तोंडचा आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक असते.

मर्यादा सांगितल्याने मुलांची स्वप्ने मोडतात, असे काहींना वाटते. माझा अनुभव असा की आकडा कळलेले मूल अधिक हुशारीने शोध घेते. आकडा न कळलेले मूल एकतर अवास्तव यादी करते किंवा घरच्या परिस्थितीचा अंदाज बांधून स्वतःच मन मारते आणि चौकशीच करत नाही. दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण तो कोणाला दिसत नाही.

आधी अभ्यासक्रम, मग कॉलेज

मुलाने शोधाची सुरुवात कॉलेजच्या नावापासून करू नये. ज्या शाखेचा विचार आहे तिचा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि विषयांची नावे एकेक करून वाचावीत. पहिले वर्ष वाचून फारसे कळत नाही, कारण ते बहुतेक शाखांना जवळपास सारखे असते. प्रत्येक विषयात काय करावे लागते, हे त्या शाखेच्या वरच्या वर्गातील मुलाला विचारावे. 'कॉम्प्युटर घ्यायचे' म्हणणाऱ्या दहा मुलांपैकी किती जणांनी दिवसभर बसून एखादा प्रोग्राम लिहिला आहे, हे मी वर्गात विचारतो. हात फार थोडे वर होतात.

वर सांगितलेल्या मुलीने हेच केले होते. कापडाच्या अभ्यासात सूतकताई, विणकाम, रंगाई यांच्याबरोबर रसायनशास्त्र आणि यंत्रशास्त्रही येते, आणि ही शाखा राज्यात मोजक्याच ठिकाणी आहे, हे तिला माहीत होते: मुंबईची व्हीजेटीआय, नांदेडची श्री गुरु गोविंदसिंगजी संस्था, इचलकरंजीची डीकेटीई. सोलापूरच्या चादरीवर वाढलेल्या घरातल्या मुलीने हा शोध घ्यावा आणि तिच्या वडिलांनी तो कधी ऐकलेला नसावा, यात नवल काही नाही. तिला कोणी विचारलेच नव्हते.

वही आणि तिचे रकाने

माहिती मनात ठेवू नये, वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहावी. रकाने असे: कॉलेज, शाखा, अंतर, मंजूर फी, मागील तीन वर्षांचे कट-ऑफ, मान्यता, आणि 'कोणाशी बोललो'. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर ते कॉलेज यादीत राहू देऊ नये, असा नियम मी मुलांना घालून देतो.

मान्यतेच्या बाबतीत तीन गोष्टींची गल्लत होते. एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मंजुरी ही संस्थेला तांत्रिक अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी आहे, गुणवत्तेचा शिक्का नव्हे. नॅकची, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व मान्यता परिषदेची, श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते. एनबीएचे, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचे, मानांकन मात्र एकेका अभ्यासक्रमाला मिळते, त्यामुळे एकाच कॉलेजात यंत्र अभियांत्रिकीला ते असू शकते आणि दुसऱ्या शाखेला नसू शकते. जाहिरातीत 'एनबीए मानांकित' एवढेच लिहिलेले असेल तर मुलाने 'कोणती शाखा आणि कोणत्या वर्षापर्यंत' असे विचारावे.

नुसत्या वयाचे कौतुक करण्यातही अर्थ नाही. सोलापुरात दयानंद महाविद्यालय 1940 पासून आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून, वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी 1983 पासून, आणि आपले विद्यापीठ 2004 मध्ये स्थापन झाले. जुनेपणामुळे माजी विद्यार्थ्यांचे जाळे मिळते, हे खरे. पण आज त्या विभागात किती जागा रिकाम्या आहेत आणि कायमस्वरूपी प्राध्यापक किती, हे वर्षावरून कळत नाही, विचारूनच कळते.

कट-ऑफ वाचायला शिकणे

शोधाचा सगळ्यात किचकट भाग हा आहे, आणि येथेच पालक क्लासवाल्याच्या अंदाजावर विसंबतात. प्रत्यक्षात राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांच्या प्रत्येक फेरीचे कट-ऑफ ठेवलेले असतात आणि सतरा वर्षांच्या मुलाला ते दोन संध्याकाळींत वाचता येतात.

आधी हे लक्षात घ्यावे की पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. सीईटीत 90 पर्सेंटाइल मिळाले याचा अर्थ 100 पैकी 90 गुण मिळाले असा नसून, 90 टक्के परीक्षार्थींचे गुण त्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, असा आहे. म्हणून 90 आणि 95 यांतले अंतर पाच गुणांचे नसते. मधे हजारो विद्यार्थी उभे असतात. तुलना करताना पर्सेंटाइलबरोबर गुणवत्ता क्रमांकही पाहावा.

त्यानंतर येतात जागांचे सांकेतिक शब्द. 'जीओपीईएनएच' (GOPENH) असे लिहिलेले दिसले की त्याचे तीन तुकडे करावेत. पहिले अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, त्या जागी एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग सांगतो, येथे ओपन म्हणजे खुला. शेवटचे अक्षर एच म्हणजे गृह विद्यापीठाची जागा, ओ म्हणजे अन्य विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठीची, आणि एस म्हणजे राज्यस्तरीय. अनेक स्वायत्त संस्थांत हाच शेवटचा प्रकार दिसतो. सोलापूर जिल्ह्यातून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला सोलापूरच्या कॉलेजात एचचा रकाना लागू पडतो, पण पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात त्याने ओचा रकाना पाहायला हवा. पुण्यातल्या मावसभावाला मिळाले म्हणून मलाही मिळेल, हा हिशेब याच एका अक्षरावर फसतो. इतर मागास प्रवर्गातील मुलीने खुल्या सर्वसाधारण, खुल्या मुलींच्या, प्रवर्गाच्या सर्वसाधारण आणि प्रवर्गाच्या मुलींच्या अशा चारही रकान्यांचे आकडे वहीत घ्यावेत, कारण तिचा विचार चारही ठिकाणी होऊ शकतो.

टीएफडब्ल्यूएस नावाच्या जागांमध्ये शिक्षण शुल्क माफ असते, त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे लागते. फॉर्ममध्ये भरायचा या जागांचा सांकेतांक, म्हणजे चॉइस कोड, वेगळा असतो आणि त्याच्या शेवटी टी असतो. साधा सांकेतांक भरला आणि फीमाफीची वाट पाहत बसले, असे दरवर्षी कोणीतरी करते. या जागांचा कट-ऑफ बहुधा चढा असतो, म्हणून टी असलेला आणि नसलेला असे दोन्ही सांकेतांक एकाखाली एक भरणे शहाणपणाचे.

प्रत्यक्ष भेट

यादी आठ-दहा नावांवर आली की निदान तीन कॉलेजे डोळ्यांनी पाहावीत. पुण्यासाठी सोलापूरकरांना हुतात्मा एक्सप्रेस सोयीची आहे. पहाटे उठून ती गाडी धरली तर दिवसभर फिरून संध्याकाळी त्याच गाडीने परत येता येते. गावातली आणि केगावकडची कॉलेजे तर रिक्षाने किंवा दुचाकीने होतात, तरी ती न पाहताच 'लोकल काय बघायचं' म्हणून सोडून दिली जातात.

भेटीत बोलायचे मुलाने. वडिलांनी कँटीनमध्ये चहा घेत बसावे, हे मी गमतीने म्हणत नाही. वडील शेजारी असले की प्राध्यापक वडिलांशी बोलतात आणि विद्यार्थी कोणाशीच बोलत नाहीत. मुलाने तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी गाठावेत. पहिल्या वर्षाची मुले अजून नवलाईत असतात आणि शेवटच्या वर्षाची नोकरीच्या काळजीत. त्यांना विचारावे की मागच्या आठवड्यात किती तास प्रत्यक्ष झाले, प्रयोगशाळेत एका यंत्रावर किती जण असतात, आणि हॉस्टेलला पाणी किती वेळ असते. हा शेवटचा प्रश्न सोलापूरच्या मुलांना शिकवावा लागत नाही.

प्लेसमेंटच्या फलकावर सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा ठळक अक्षरांत असतो. तो एका विद्यार्थ्याचा असतो. विचारायचे ते असे: या शाखेत एकूण विद्यार्थी किती होते, त्यांपैकी किती जणांना नोकरी मिळाली, आणि सगळ्यांचे पगार उतरत्या क्रमाने लावले तर मधल्या विद्यार्थ्याचा पगार किती. उत्तर देताना समोरचा माणूस माहितीपत्रक पुढे करू लागला, तर तेही वहीत लिहावे.

पालकांच्या वाट्याची कामे

मूल शोधात असताना पालकांनी दाखल्यांच्या मागे लागावे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास, उत्पन्न आणि लागू असेल तेथे नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र ही कामे निकालानंतर सुरू केली तर उशीर होतो, कारण तेव्हा सगळा जिल्हा त्याच खिडकीवर असतो. वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मूल अकरावीत असतानाच करावा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत तारखेवर पाहून घ्यावी. ते 31 मार्चला संपलेले असेल तर फाईलमध्ये असूनही नसल्यासारखेच.

मुलींच्या पालकांनी एक शासननिर्णय नीट समजून घ्यावा. 2024-25 पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेला आहे, व्यवस्थापन कोट्याला नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही तिच्याबाहेर आहेत. 'फेरीची वाट कशाला बघता, आत्ताच सीट बुक करा' असा सल्ला देणारा माणूस हे सांगत नाही.

मतभेद झाला तर

नकाराधिकार पालकांकडे असावा, पण तीनच बाबतींत: ठरलेल्या आकड्याबाहेरचा खर्च, मान्यता नसलेली संस्था, आणि राहण्याची असुरक्षित सोय. शाखा कोणती, कॉलेज नावाजलेले आहे की नाही आणि नातेवाईक काय म्हणतील, हे विषय नकाराधिकारात येत नाहीत. 'मुलगी आहे, बाहेरगावी नको' हे वाक्य सुरक्षिततेच्या नावाखाली येते, तेव्हा पालकांनी स्वतः जाऊन वसतिगृह पाहावे, अधीक्षिकेशी बोलावे आणि मग काय खटकले ते नेमके सांगावे. न पाहता दिलेला नकार मी सुरक्षिततेच्या खात्यात धरत नाही.

मुलाच्या बाजूनेही अट आहे. 'माझे मित्र तिथे जाणार आहेत' हे कारण वहीत लिहून चालणार नाही. पहिल्या पाच पसंतींपैकी प्रत्येकीसाठी त्याला दोन वाक्यांत कारण सांगता आले पाहिजे. माझ्या भाच्याला ते सांगता आले नव्हते, आणि मी मामा असून विचारले नाही. त्याने दुसऱ्या वर्षी शाखा सोडली.

फॉर्म भरण्याची संध्याकाळ

अभियांत्रिकीच्या पसंतीक्रमात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. संगणक विद्यार्थ्याच्या गुणवत्ता क्रमांकाची पाळी आली की त्याची यादी वरून खाली वाचतो आणि जेथे जागा आहे तेथे थांबतो. म्हणून अवघड वाटणारे कॉलेज वर लिहिल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही, आणि 'आपल्याला मिळेल तेच वर टाका' हा सल्ला चुकीचा आहे. यादी खऱ्या आवडीच्या क्रमानेच असावी.

मात्र 2025-26 पासून चार फेऱ्या झाल्या आणि एक नियम कडक झाला: पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही पसंती मिळाली, तर ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. वडिलांचे मन राखण्यासाठी पहिल्या क्रमांकावर एखादे नाव लिहिले तर ते गळ्यात पडू शकते. प्रत्येक वर्षाची माहिती पुस्तिका आल्यावर हा भाग मुलाने मोठ्याने वाचून दाखवावा आणि पालकांनी ऐकावा.

फॉर्म घरी भरावा. एका विद्यार्थ्याचा फॉर्म नेट कॅफेतल्या माणसाने स्वतःच्या सोयीने भरून लॉकही केला होता; मुलाची चौथी पसंती वर गेली होती आणि घरी प्रिंट पाहिल्यावर ते कळले. घरी संगणक नसेल तर शाळेत किंवा शेजाऱ्याकडे बसावे, पण पासवर्ड आणि ओटीपी तिसऱ्याच्या हाती देऊ नये. वहीतला क्रम आधी कागदावर उतरवावा, सांकेतांक एकाने वाचावा आणि दुसऱ्याने टाइप करावा, मग अदलाबदल करून पुन्हा ताडून पाहावे. लॉक करण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी.

त्या मुलीच्या घरी ही संध्याकाळ दोन दिवस लांबली. वडिलांनी एक दिवस मागून घेतला आणि मुलीला घेऊन इचलकरंजीला गेले. परत आल्यावर ते मला भेटले तेव्हा कॉलेजबद्दल फारसे बोलले नाहीत. तिथल्या प्रयोगशाळेतला एक माग कसा चालतो, हे हाताने दाखवत दहा मिनिटे सांगत राहिले. फॉर्मची प्रिंट मुलीच्या हातात होती. पहिल्या तीन ओळी वहीतल्याच होत्या, आणि चौथीवर पुण्याचे कॉम्प्युटर होते.